आयडिया आहे, आता पुढे काय? समाजाच्या आणि पर्यावरणाच्या प्रश्नावर काम सुरू करायचंय त्यांच्यासाठी पायरी-पायरीने

हा लेख त्यांच्यासाठी आहे ज्यांनी कॉलेजच्या प्रोजेक्टमध्ये, हॅकेथॉनमध्ये नाहीतर घरच्या घरी खटपट करून काहीतरी बनवलंय, म्हणजे पाणी गाळायचं, कचरा वेगळा करायचं, नदीतलं प्लास्टिक काढायचं असं काही, आणि आता वाटतंय की हे खरंच लोकांपर्यंत जावं, संस्था काढावी, फंड मिळवावा. अशा मुलामुलींचा पहिला प्रश्न बहुतेक वेळा हाच असतो की रजिस्ट्रेशन कसं करायचं. ते सांगतेच, पण ते खाली पाचव्या पायरीवर आहे. ते तिथे का ठेवलंय हे समजायला आधी दोन पंपांची गोष्ट वाचा, लांबलीये थोडी पण पुढचं सगळं हिच्यावरच उभं आहे.

पहिला पंप दक्षिण आफ्रिकेतला, प्लेपंप. १९८० च्या दशकाच्या शेवटी शेवटी तिथल्या एका बोअर मारणाऱ्या माणसाने ही कल्पना काढली की शाळेच्या आवारात गोल फिरणारं चक्र बसवायचं, मुलं त्यावर खेळतील, त्या फिरण्याने खालचं पाणी वर टाकीत चढेल, आणि टाकीच्या चारही बाजूंना जाहिराती लावून देखभालीचा खर्च निघेल. ऐकल्यावर कोणालाही आवडेल अशीच कल्पना आहे. २००० मध्ये जागतिक बँकेचं बक्षीस मिळालं, २००६ मध्ये अमेरिकेत १ कोटी ६४ लाख डॉलरची घोषणा झाली, २०१० पर्यंत ४,००० पंप बसवायचं ठरलं. एका पंपाला साधारण १४,००० डॉलर, म्हणजे साध्या हातपंपाच्या चौपट खर्च. आणि मग गावांत काय झालं तर मुलांना चार दिवसांनी खेळायचा कंटाळा आला, आणि पाणी तर रोज लागतं, त्यामुळे ते जड चक्र बायकांनाच वाकून वाकून फिरवावं लागायला लागलं. काही ठिकाणी तर आधीचा हातपंप काढून त्याच जागी हे बसवलेलं. बिघडलं तर गावात कोणालाच दुरुस्त करता येईना, कंपनीचा माणूस यायची वाट बघत महिने जायचे. जाहिराती सगळीकडे मिळाल्याच नाहीत, खेड्यातल्या टाकीवर जाहिरात लावून बघणार कोण. २००९ मध्ये गार्डियन या ब्रिटिश वर्तमानपत्राने हिशेब मांडला की ठरवलंय तेवढं पाणी द्यायचं तर मुलांना दिवसाचे २७ तास खेळावं लागेल. २०१० पर्यंत ती मोहीम गुंडाळली गेली.

दुसरा पंप आपल्या सगळ्यांच्या बघण्यातला, हापसा. दुष्काळाच्या वर्षांत गावोगाव बोअर मारले गेले आणि त्यांवर जे बिडाचे पंप बसवले त्यांचं डिझाईन मुळात परदेशातल्या एकेका कुटुंबाच्या वापरासाठीचं होतं, आपल्याकडे त्याच्यावर पहाटेपासून रात्रीपर्यंत अख्खं गाव तुटून पडायचं. १९७० च्या दशकाच्या मध्याला युनिसेफने पाहणी केली तेव्हा बसवलेल्या हापशांपैकी साधारण पाऊण हापसे बंद होते. यावर तोडगा निघाला तो जालना आणि सोलापूरच्या मिशनच्या वर्कशॉपमधून, जिथली माणसं रोज हेच मोडलेले पंप दुरुस्त करत होती. जालन्याला दांड्याचे दोन-तीन सांधे काढून एकच भक्कम सांधा ठेवला गेला. सोलापूरच्या पंपात पोलादी बांधणी आली आणि दांड्याच्या टोकाला चेन आली. ती चेन नीट समजून घेण्यासारखी आहे. दांडा खाली-वर होताना गोलाईत फिरतो, पण आतली सळई मात्र सरळ खाली-वर व्हायला हवी, नाहीतर ती तिरकी ओढली जाते, घासते आणि तुटते. कमानीसारख्या वळणदार पट्टीवरून चेन सोडली की दांडा कसाही फिरो, सळई सरळच राहते. मग युनिसेफ, मेराडो ही सरकारी संशोधन संस्था आणि रिचर्डसन अँड क्रुडास कंपनी यांनी मिळून याच सोलापूर पंपावरून इंडिया मार्क टू तयार केला, आधी कोइमतूरकडे थोडेसे बसवून बघितले, आणि १९७७-७८ च्या सुमाराला मोठ्या प्रमाणावर उत्पादन सुरू झालं. पेटंट घेतलंच नाही, कोणत्याही वर्कशॉपने बनवावा. आज तो भारतात लाखोंनी आहे आणि आफ्रिकेतल्या खूप देशांतही तोच आहे.

मला जे सांगायचंय ते एवढंच आहे की वस्तू कोण दुरुस्त करणार हे ज्याने आधी विचारलं त्याचं काम टिकलं. आता पायऱ्या.

पायरी १. प्रश्न लहान करा आणि तो ज्यांचा आहे त्यांच्यात जाऊन बसा

"प्लास्टिक प्रदूषण" किंवा "हवामान बदल" यावर काम करता येत नाही. "आमच्या वॉर्डातल्या नाल्यात शनिवारच्या बाजारानंतर जे प्लास्टिक येतं" यावर करता येतं. प्रश्न एवढा लहान करा की तो कुठे, कधी आणि कोणाला त्रास देतो हे एका वाक्यात सांगता आलं पाहिजे.

मग तिथे जा. सर्व्हेचा गुगल फॉर्म पाठवू नका, तो तुमचे मित्रच भरतात. गावात असेल तर ग्रामसभेला जरूर जा, पण तिथे बोलणारे चार-पाच पुरुष ठरलेले असतात, आणि पाण्याचा, चुलीचा, शौचालयाचा प्रश्न ज्यांच्या डोक्यावर आहे त्या बायका तिथे बोलतीलच असं नाही, त्यामुळे हापशावर, बचत गटाच्या मीटिंगला, अंगणवाडीच्या ओट्यावर जाऊन बसा. ताई, काकू, मावशी जे नातं लागेल ते लावा आणि घाई करू नका. वही उघडायच्या आधी पाणी प्या, चहा घ्या, त्यांनी तुमची चौकशी केली की नीट उत्तरं द्या, कुठल्या गावची, कोणाची, कशाला आलीस हे त्यांना कळायला हवंच ना.

विचारायचे प्रश्न साधे आहेत. आत्ता हे काम कसं करता? किती वेळ जातो, किती पैसे जातात? याच्या आधी कोणी काही आणून बसवलं होतं का, त्याचं काय झालं? बिघडलं की कोणाला बोलावता? यातला तिसरा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा, कारण बहुतेक गावांत कुठल्यातरी योजनेतलं सोलर युनिट नाहीतर बंद पडलेलं पाणी फिल्टर धूळ खात उभं असतं आणि ते का बंद पडलं याची जी गोष्ट आहे तीच तुमचा अभ्यासक्रम. स्वतःची आयडिया पहिल्या भेटीत सांगू नका, सांगितली की लोक चांगुलपणाने "छान आहे" म्हणतात आणि तिथेच खरी माहिती मिळायची थांबते.

प्रश्न स्वतःच्याच घरचा असेल तर तुम्ही खूप पुढे आहात. केनियातला रिचर्ड तुरेरे हा मसाई मुलगा नैरोबी नॅशनल पार्कला लागून राहायचा, रात्री सिंह येऊन घरची गुरं मारायचे. त्याने आधी आग करून बघितली, मग बुजगावणं लावलं, सिंहांनी दोन्हीला दाद दिली नाही. पण टॉर्च घेऊन गोठ्याभोवती फिरत असताना सिंह येत नाहीत हे त्याच्या लक्षात आलं, म्हणजे हलता उजेड बघून त्यांना माणूस जागा आहे असं वाटतं. मग जुनी गाडीची बॅटरी, लहान सोलर पॅनल, मोटरसायकलच्या इंडिकेटरचा डबा आणि मोडक्या टॉर्चचे दिवे जोडून त्याने गोठ्याभोवती आळीपाळीने लुकलुकणारे दिवे लावले. तेव्हा तो ११ वर्षांचा होता. सगळं सामान तिथल्याच भंगारातलं, म्हणून शेजाऱ्यांकडेही लावता आलं.

पायरी २. आधीच कोण काम करतंय ते शोधा

ही पायरी लोक गाळतात, आणि मला त्याचं मनापासून वाईट वाटतं कारण यात दोन्हीकडचं नुकसान होतं. उदाहरण पुण्याचं घ्या. कचऱ्यावर काही करायचं असेल तर तिथे कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही कचरावेचकांची संघटना १९९३ पासून आहे, आणि २००८ पासून त्यांच्यातूनच उभी राहिलेली स्वच्छ ही सहकारी संस्था महापालिकेशी करार करून घरोघरचा कचरा गोळा करते. कुठल्या सोसायटीत ओला-सुका वेगळा होतो, कुठलं प्लास्टिक भंगारात विकलं जातं आणि कुठलं कोणी घेतच नाही, हे त्या कचरावेचक ताईंना जेवढं माहिती तेवढं कुठल्याच ॲपला माहिती नाही. वापरलेली सॅनिटरी पॅड उघडी हातात येतात हा त्यांचा रोजचा त्रास, त्यावर त्यांनी पॅड कागदात गुंडाळून वर लाल ठिपका काढून द्या अशी मोहीम चालवली, आणि २०१३ मध्ये वापरलेली पॅड चक्क बनवणाऱ्या कंपन्यांना परत पाठवली. पुढे २०१६ च्या घनकचरा नियमांत अशा कचऱ्यासाठी वेष्टन देण्याची जबाबदारी कंपन्यांवर आली. याच प्रश्नावर पुण्यातच पॅडकेअर लॅब्स नावाचं तरुणांचं स्टार्टअप आलं जे वापरलेल्या पॅडमधून लगदा आणि प्लास्टिक वेगळं काढतं. म्हणजे एकाच प्रश्नाला तीन बाजूंनी हात घातला गेला, संघटना, नियम आणि मशीन. तुमची आयडिया यातल्या कुठल्या बाजूला बसते ते बघा.

शोधायचं कसं? नीती आयोगाच्या एनजीओ दर्पण पोर्टलवर जिल्हा टाकून संस्था शोधता येतात. ग्रामपंचायतीने कशावर किती खर्च धरलाय ते ई-ग्रामस्वराजवर दिसतं. ग्रामसेवक, आशा ताई आणि झेडपीच्या शाळेचे सर किंवा बाई यांना भेटलात की गावात मागच्या काही वर्षांत काय काय येऊन गेलं ते कळतं. चांगली संस्था सापडली तर सहा महिने-वर्षभर तिथेच काम करा. गडचिरोलीच्या सर्च संस्थेचा निर्माण हा तरुणांसाठीचा कार्यक्रम २००६ पासून याचसाठी चालतो, आपल्याला नक्की कशावर काम करायचंय हे शोधण्यासाठी. आणि शोधताना असं दिसलं की तुमचं काम कोणीतरी आधीच छान करतंय, तर त्यांना जाऊन मिळा, तेही तुमचंच काम आहे.

पायरी ३. स्वस्तात बनवा, तालुक्यात बनवा, आणि दुसऱ्याच्या हातात द्या

पहिला नमुना दिसायला देखणा नको. त्याच्या सामानाची यादी करा आणि प्रत्येक वस्तूपुढे लिहा की ही तालुक्याच्या बाजारात मिळते का, आणि कोण बसवू शकतो, वेल्डर, वायरमन, प्लंबर की फक्त तुम्ही. "फक्त मी" असं जिथे जिथे येईल तिथे गोल करा, ते बदलल्याशिवाय पुढे जाऊ नका. ऑनलाईन मागवलेला सेन्सर कॉलेजच्या लॅबमध्ये ठीक आहे, पण जूनमध्ये तो गावात जळला तर बदली पार्ट यायला दोन आठवडे लागतील आणि तोपर्यंत लोक आपल्या जुन्या पद्धतीवर परत गेलेले असतील.

बनवायला जागा हवी असेल तर शिरूर तालुक्यातल्या पाबळचा विज्ञान आश्रम जाऊन बघाच. डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये सुरू केला, हाताने काम करत शिकायचं ही तिथली पद्धत, आणि अमेरिकेतल्या एमआयटीच्या बाहेर ज्या अगदी सुरुवातीच्या फॅब लॅब (म्हणजे कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मशिनी असलेल्या, वस्तू बनवायच्या कार्यशाळा) निघाल्या त्यांतली एक तिथे आहे. शाळेत असाल तर काही शाळांत सरकारी योजनेतली अटल टिंकरिंग लॅब असते, नसेल तर जवळच्या आयटीआयमधल्या सरांना विचारा, त्यांच्याकडे मशिनी असतात.

मग नमुना दुसऱ्याच्या हातात द्या आणि बाजूला उभे राहा. शिकवू नका, फक्त बघा. कुठे हात अडकतो, काय उलटं बसवलं जातं, लहान मूल कशावर चढतं, गुरं कशाला धडक देतात. आणि एक अख्खा पावसाळा जाऊ द्या. कोकणातला किंवा घाटावरचा पावसाळा न बघितलेल्या वस्तूला "टेस्ट केलेली" म्हणू नका.

चाचणीत फसणं हे कामाचाच भाग आहे हे मोठ्या प्रकल्पांकडे बघून कळतं. नेदरलँडचा बोयान स्लाट याने १८ व्या वर्षी, २०१३ मध्ये ओशन क्लीनअप ही संस्था काढली, पॅसिफिक महासागरातलं तरंगतं प्लास्टिक काढायचं म्हणून. सप्टेंबर २०१८ मध्ये ६०० मीटर लांबीचा तरंगता पट्टा सॅन फ्रान्सिस्कोहून समुद्रात नेला, खाली तीन मीटरचा पडदा. पट्टा प्लास्टिकपेक्षा जोरात वाहील आणि त्यामुळे ते आत साठेल असा हिशेब होता, पण वेगातला तो फरक टिकलाच नाही, प्लास्टिक आत येऊन परत बाहेर जायचं. डिसेंबरमध्ये एका टोकाचा १८ मीटरचा तुकडाच तुटला, सगळं ओढून परत आणावं लागलं. त्यांनी हे जगाला उघड सांगितलं. पुढच्या वर्षी पॅराशूटसारखा अडसर लावून पट्टा मुद्दाम हळू केला, तेव्हा प्लास्टिक साठायला लागलं, २०२१ पासून दोन बोटींनी ओढायची पद्धत आली. आणि मला यात सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते म्हणजे २०१९ मध्ये त्यांनी नदीतच प्लास्टिक अडवायची यंत्रं जाहीर केली, कारण खोल समुद्रातून काढण्यापेक्षा समुद्रात जायच्या आधी अडवणं जास्त शहाणपणाचं. पाण्याच्या पृष्ठभागावर जगणारे बारीक जीवही पट्ट्यात अडकतात हा शास्त्रज्ञांचा आक्षेपही त्यांच्यावर आहे. तुमच्या वस्तूने दुसरं काय बिघडतं हे तुम्ही आधी विचारा, कोणीतरी विचारणारच आहे.

पायरी ४. मोजा, आणि सुरू करायच्या आधीपासून मोजा

"५०० लोकांपर्यंत पोचलो" हे मोजमाप नाही. त्यातल्या किती जणांकडे वर्षानंतर ते चालू आहे आणि त्यांचं काय बदललं, हे मोजमाप. यासाठी काम सुरू व्हायच्या आधीची स्थिती लिहून ठेवावी लागते, नंतर ती परत मिळत नाही.

याचं आपल्या जवळचं सगळ्यात चांगलं उदाहरण पुन्हा गडचिरोलीचं. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी १९८६ मध्ये सर्च सुरू केली. गावात बाळं निमोनियाने दगावायची आणि ओळखायची खूण म्हणजे श्वासाचा वेग, दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचा श्वास मिनिटाला ६० किंवा त्याच्यावर, त्याहून मोठ्या, वर्षाच्या आतल्या बाळाचा ५० किंवा त्याच्यावर गेला की धोका. पण गावातल्या दाईला एवढे आकडे मोजता येत नव्हते आणि हातात घड्याळही नव्हतं. मग त्यांनी श्वास मोजायचं एक साधं साधन केलं, एक मिनिटाचं वाळूचं घड्याळ आणि सोबत तारेत ओवलेले मणी. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा, वाळू संपायच्या आत लाल मण्यापर्यंत पोचलात तर बाळाला निमोनिया समजून उपचार करायचे. बॅटरी नाही, स्क्रीन नाही, अक्षरओळखही लागत नाही. ज्या बाईच्या हातात ते जाणार तिला काय येतं इथून सुरुवात केली की वस्तू अशी होते.

त्यांचं मोजमाप बघा. गावातल्याच बायकांना नवजात बाळाची घरी काळजी घ्यायला शिकवलं, ३९ गावांत हे काम केलं आणि बाजूच्या ४७ गावांत न करता फक्त जन्म-मृत्यूची नोंद ठेवली, म्हणजे फरक कामामुळे पडला की काळामुळे हे कळावं. काम झालेल्या गावांत नवजात बाळांचे मृत्यू हजारी ६२ वरून २५.५ वर आले, आणि १९९९ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात ते छापून आलं. तुम्हाला एवढं मोठं करायची गरज नाही, पण कल्पना तीच ठेवा. दहा घरांत तुमची चूल दिली असेल तर शेजारच्या दहा घरांत, त्यांना सांगून, सरपण किती लागतं ते लिहा. वहीत आठवड्याला एकदा, तारीख घालून. आणि जिथे उपयोग झाला नाही ती घरं यादीतून काढायची नाहीत, त्यांच्याकडे तर दोनदा जायचं.

फोटो काढताना विचारा, लहान मुलांचे असतील तर आईवडलांना विचारा, आणि कोणाचाही दीनवाणा फोटो फंडसाठी वापरू नका.

पायरी ५. आता रजिस्ट्रेशन

इथपर्यंत आलात आणि काम टिकतंय असं दिसतंय, तर आता नोंदणी. महाराष्ट्रात तीन वाटा आहेत.

सोसायटी म्हणजे संस्था नोंदणी कायदा १८६० खाली, किमान सात सभासद लागतात. ट्रस्ट म्हणजे महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायदा १९५० खाली, इथे विश्वस्त थोडे असले तरी चालतात. आपल्याकडे सोसायटीलाही या १९५० च्या कायद्याखाली नोंद करावी लागते, आणि दोन्हीचं ऑफिस एकच, धर्मादाय आयुक्तांचं, जे जिल्ह्याच्या ठिकाणी असतं. तिसरी वाट सेक्शन आठ कंपनी, कंपनी कायदा २०१३ खाली, दोन डायरेक्टर चालतात, सगळं ऑनलाईन होतं, पण दरवर्षीचं कंपनीचं फायलिंग करावंच लागतं आणि त्याचा सीएचा खर्च येतो.

माझं मत विचाराल तर चार-पाच मित्र, एका जिल्ह्यातलं काम, गावातली माणसंही कारभारात हवीत, तर सोसायटी किंवा ट्रस्ट. वस्तू विकायची आहे, दोन-तीन राज्यांत जायचंय, मोठ्या कंपन्यांकडून पैसे घ्यायचेत, तर सेक्शन आठ. आणि वस्तू विकून नफाच कमवायचा असेल तर सरळ साधी कंपनी काढा, त्यात वाईट काही नाही, फक्त मग देणगी मागू नका.

धर्मादायमध्ये एक गोष्ट कायम लक्षात ठेवा, पदाधिकारी बदलले की ९० दिवसांत चेंज रिपोर्ट द्यायचा असतो. मित्र नोकरीला बेंगळुरूला गेला, त्याच्या जागी दुसरा घेतला आणि रिपोर्ट दिलाच नाही, असं वर्षानुवर्षं राहतं आणि मग बँकेत सही कोणाची यावरून सगळं अडतं. दरवर्षी ऑडिटही करून द्यायचं. पहिल्या दिवसापासून प्रत्येक खर्चाचं बिल वहीला लावत जा, चहाचं सुद्धा.

नोंदणीनंतर संस्थेचं पॅन, बँक खातं आणि मग इन्कम टॅक्सची दोन प्रमाणपत्रं, बारा-ए (संस्थेच्या उत्पन्नावरच्या करमाफीसाठी) आणि ऐंशी-जी (देणगीदाराला करात सवलत मिळावी म्हणून). नव्या संस्थेला ती आधी तात्पुरती, तीन वर्षांसाठी मिळतात, नंतर काम दाखवून पुढची घ्यावी लागतात. नवा आयकर कायदा १ एप्रिल २०२६ पासून लागू झाल्याने कलमांचे नंबर बदललेत, बोलताना सगळे अजून जुनेच नंबर घेतात, फॉर्म भरताना मात्र सीएला विचारून नवे टाका.

घाई असेल किंवा वयाने लहान असाल तर दुसरा मार्ग म्हणजे जुन्या, विश्वासाच्या संस्थेच्या छत्राखाली प्रकल्प म्हणून काम करणं. त्यांचं खातं, त्यांचं ऑडिट, तुमचं काम, आणि दोघांमध्ये दोन पानांचा लेखी करार की वस्तू कोणाच्या नावावर, पैसे कशावर खर्च होणार, वेगळं व्हायचं तर कसं.

पायरी ६. पैसे

पहिले पैसे ओळखीच्या लोकांकडून येतात, लाज वाटून घेऊ नका. ऐंशी-जीची सवलत मात्र फार गृहीत धरू नका, रोख २,००० रुपयांच्या वरच्या देणगीला ती मिळत नाही आणि ज्यांनी नवी टॅक्स पद्धत घेतलीये त्यांना तर मिळतच नाही, आणि नोकरी करणारे तुमचे बहुतेक मित्र नव्या पद्धतीतच असतील. त्यांना टॅक्सचं नाही, कामाचं सांगा.

सीएसआर म्हणजे ज्या कंपनीची नेटवर्थ ५०० कोटी किंवा उलाढाल १,००० कोटी किंवा निव्वळ नफा ५ कोटी, यातलं काहीही एक असेल, तिने मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के समाजकामावर खर्च करायचे. त्यांच्याकडून पैसे घ्यायला सीएसआर-वन नोंदणी लागते आणि अशा कामाचा तीन वर्षांचा अनुभवही लागतो. म्हणजे नव्या संस्थेला थेट बहुतेक मिळत नाही, जुन्या संस्थेसोबत करा. मुंबईच्या मोठ्या ऑफिसपेक्षा तुमच्या एमआयडीसीतल्या कारखान्याचा एचआर मॅनेजर लवकर भेटतो हेही लक्षात ठेवा.

परदेशातला पैसा, इथे नीट वाचा. एफसीआरए म्हणजे परदेशी देणगीच्या कायद्याखालची नोंदणी किंवा सरकारची पूर्वपरवानगी नसताना परदेशी देणगी घेणं गुन्हा आहे, मग रक्कम कितीही असो. आपल्यातल्या खूप जणांचे काका-मावशी अमेरिकेत असतात, ते प्रेमाने पाठवतात. ते भारतीय नागरिक असतील, भारतीय पासपोर्ट असेल आणि स्वतःच्या कमाईतून बँकेमार्फत देत असतील तर ती परदेशी देणगी धरली जात नाही. पण त्यांनी तिथलं नागरिकत्व घेतलं असेल, ओसीआय कार्ड असलं तरी, ती परदेशी देणगी होते. म्हणून आधी पासपोर्ट विचारा, त्याची प्रत फाईलला लावा. ऑनलाईन देणगीच्या साईटवरही हाच नियम. एफसीआरए मिळायला संस्था तीन वर्षं जुनी आणि तेवढ्या काळात कामावर १५ लाख खर्च झालेला लागतो, पैसे फक्त दिल्लीच्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतल्या खात्यात येतात, आणि २०२० च्या दुरुस्तीनंतर ते पुढे दुसऱ्या संस्थेला देता येत नाहीत. म्हणजे मोठ्या संस्थेच्या परदेशी पैशातून वाटा मिळेल ही आशा आता धरू नका.

आणि बजेट करताना दुरुस्तीची ओळ वेगळी टाका. देणगीदार नव्या वस्तूला पैसे देतात, पुढच्या वर्षीच्या वॉशरला कोणी देत नाही, त्यामुळे ती ओळ नसेल तर अर्ज परत लिहा. तुमचा स्वतःचा आणि गावातल्या कामाच्या माणसाचा पगारही टाका, फुकट काम फार दिवस चालत नाही, आणि ज्यांच्या घरी दोन वेळची सोय आहे तेवढीच मुलं मग या कामात टिकतात, हे मला फार चुकीचं वाटतं.

बक्षिसं, फेलोशिप, स्पर्धा यासाठी अर्ज जरूर करा, पण वर्षात किती करायचे ते आधी ठरवा. प्रेझेंटेशन बनवण्यात अख्खा हिवाळा जातो आणि गावात फेरी होत नाही असं होऊ देऊ नका.

पायरी ७. दुसऱ्याच्या हातात कसं जाणार ते पहिल्या वर्षीच लिहा

तुम्ही कायम तिथे नसणार, नोकरी लागेल, लग्न होईल, आजारपण येईल. म्हणून तीन गोष्टी ठरवा. दुरुस्ती कोण करणार, तिला किंवा त्याला पैसे कोण देणार, आणि पार्ट कुठून येणार. १९९० च्या दशकात उत्तर प्रदेशातल्या बांदा जिल्ह्यात गावातल्या बायकांना हापसा दुरुस्तीचं शिक्षण दिलं गेलं, पाने-हातोडे घेऊन त्या गावोगाव जायला लागल्या, मेकॅनिक म्हणजे पुरुषच हा तिथला समज मोडला. इंडिया मार्क टू मध्ये खालचा भाग दुरुस्त करायला सगळे पाईप वर ओढावे लागतात आणि त्यासाठी गाडी आणि टोळी लागते, म्हणून पुढे मार्क थ्री मध्ये असं केलं की पाईप न काढता पिस्टन वर घेता यावा, म्हणजे गावातल्या गावात काम व्हावं. तुमच्या वस्तूचा मार्क थ्री काय असेल याचा विचार आत्ताच करा.

पेटंटचं काय? वस्तू विकून संस्था चालणार असेल तर वकिलाला भेटा, आणि कुठेही छापायच्या किंवा प्रदर्शनात मांडायच्या आधी भेटा, नंतर भेटून उपयोग नसतो. पण वस्तू जितकी जास्त हातांनी बनेल तितकं बरं असं असेल तर डिझाईन मोजमापांसकट मराठीत लिहून, फोटो काढून खुलं करा. आणि सोबत किमान दर्जा काय हवा तेही लिहा, पत्रा किती जाड, वेल्डिंग कुठे, कारण खुल्या डिझाईनची कमअस्सल नक्कल निघाली की लोकांचा मूळ वस्तूवरचाच विश्वास उडतो. मार्क टू ला भारतीय मानक होतं, तपासणी होती, म्हणून इतक्या कारखान्यांनी बनवूनही तो टिकला.

सरकारने उचलावं असं वाटत असेल तर तालुका आरोग्य अधिकारी, गटविकास अधिकारी, पाणीपुरवठ्याचे उपअभियंता यांना पहिल्या वर्षापासून दर तीन महिन्यांनी एक पानाचा कागद देत राहा, त्यात आकडे, न जमलेलं आणि पुढे काय हवंय एवढंच. अधिकारी बदलून जातात, कागद फाईलला राहतो. गडचिरोलीची घरोघरी नवजात बाळाच्या काळजीची पद्धत लॅन्सेटमध्ये १९९९ ला आली आणि देशभरच्या आशा ताईंच्या कामात ती २०११ मध्ये आली. तेवढी वर्षं आकडे ठेवत राहायची तयारी असेल तर गटविकास अधिकाऱ्यांची वेळ या सोमवारीच घ्या.